दोन नावांचं घर

वाचकाचं पत्र:

"बाई, सलाम. मी जालना जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहते. खासगी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे, नोकरी खुल्या जागेवरची. आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. माझे आजेसासरे मंडळीत वचन सांगायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा रविवारच्या भक्तीला बसायला जागा नसायची. आता अकरा घरं उरलीत, त्यातही म्हातारी माणसंच जास्त.

मुलगा चोवीस वर्षांचा. इंजिनिअर झाला, पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. दोन वर्षांपासून त्यानं चर्च सोडलंय. नाताळाला आला, पण भक्तीच्या वेळी झोपून राहिला. मी रागावले तर म्हणाला, 'आई, धर्म ज्यानं त्यानं आपल्या घरात ठेवावा. जग बदललंय आता.' आणि वर म्हणाला, 'संडे स्कूलला खरं बोलायला शिकवलंत आणि माझ्या दाखल्यावर हिंदू-मांग लिहून आणलंत. मग मी कशावर विश्वास ठेवू?' मला रात्रभर झोप लागली नाही.

शाळेतही त्रास आहे. मुख्याध्यापिका रजेवर असल्या की झेंडावंदनाला खांबाची पूजा करून नारळ फोडायचं माझ्याकडं येतं. पाळकसाहेब म्हणतात, हे पाप. घरचे मालक म्हणतात, जमवून घे. धाकटी नववीत आहे, तिच्याही कागदाचं थोरल्यासारखंच करून घ्या, असं सगळे म्हणायलेत. समाज असा निधर्मी होत चाललाय. आम्ही आईबापांनी विश्वास राखायचा कसा? आमचं कुठं चुकलं?
– एक आई"

ताई, सलाम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हे पोराबद्दलचं पत्र आहे. दुसऱ्यांदा वाटलं, नारळाबद्दलचं आहे. तिसऱ्यांदा "धाकटी नववीत आहे" या वाक्यावर थांबले. ते तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. मला वाटतं, तुमच्या पोटात दुखतंय ते तिथंच. म्हणून उत्तराचा मोठा भाग मी त्यालाच देणार आहे.

त्याआधी "निधर्मी समाजा"बद्दल थोडं. मराठवाडा निधर्मी होतोय, असं मला काही दिसत नाही. गावोगावचे हरिनाम सप्ताह मोठे झालेत, मंडप मोठे झालेत, उरूस आणि जयंत्यांच्या मिरवणुका लांबल्यात, डीजेच्या भिंती दुमजली झाल्यात. तुमच्या पोराच्या पिढीनं धर्म पाहिला तो असा, रस्त्यावरचा. नाही तर मोबाइलवरच्या भांडणांतला. तो "घरात ठेवा" म्हणतो ते मला देवाला नकार दिल्यासारखं वाटत नाही. गोंगाटाला कंटाळलेलं पोरगं बोलतंय ते.

आणि धर्मनिरपेक्ष राज्याला आपण विश्वासाचा वैरी समजायचं कारणच नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण ख्रिस्ती सुमारे 10 लाख 80 हजार होतो. शंभरात एकसुद्धा भरत नाही. अशा मूठभर लोकांना रविवारी घंटा वाजवून जमता येतं, कारण संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदानं प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलंय, आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. ज्या बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्यांच्या देखरेखीखाली हे लिहिलं गेलं. आपल्या मंडळ्यांत अधूनमधून प्रवचन होतं की धर्मनिरपेक्षतेनं पिढी बिघडवली. ऐकताना मला अवघडल्यासारखं होतं. ज्या छपराखाली आपण उभे आहोत त्यालाच ढुशा देऊ नयेत.

आता कागदाचं.

माझ्या वडिलांची दोन नावं होती. बाप्तिस्म्याच्या वहीत एक, शाळेच्या जनरल रजिस्टरात दुसरं. आजी एका नावानं हाक मारायची, कचेरीतली माणसं दुसऱ्या नावानं. मी नऊ वर्षांची असताना एकदा नवीन पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला. त्यानं नाव वाचलं आणि मी सरळ सांगितलं, असं कुणी इथं राहत नाही. मनीऑर्डर परत गेली. दुष्काळाचे दिवस होते, घरात त्या पैशांची वाट पाहणं चाललं होतं. संध्याकाळी वडिलांना कळलं. मला मार बसेल असं वाटलं होतं. ते काहीच बोलले नाहीत. ओट्यावर जाऊन बसले आणि अंधार पडला तरी आत आले नाहीत.

ते वारले तेव्हा दफनभूमीतल्या क्रुसावर कोणतं नाव घालायचं, यावरून आम्हा भावंडांत वाद झाला. शेवटी चर्चमधलं नाव कोरलं. मृत्यूचा दाखला मात्र दुसऱ्या नावाचा होता. "हा आणि तो माणूस एकच" हे सिद्ध करत आई दोन वर्षं प्रतिज्ञापत्रं करत फिरली. म्हणून ताई, तुमच्या पोरानं काय विचारलं, ते मला कळतं. तो प्रश्न मी वडिलांना विचारला नाही. तुमच्या पोरानं तुम्हाला विचारला. त्यात त्याचा उद्धटपणा मला कमी दिसतो आणि तुमच्यावरचा भरवसा जास्त दिसतो.

आपल्या लोकांनी असं का केलं, हेही सांगितलं पाहिजे, कारण पोरांना ते कुणी सांगत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदू असणाऱ्यांना ठेवल्या. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. म्हणजे एकाच गल्लीत, एकाच हापशावर पाणी भरणारी तीन घरं. एक हिंदू मातंगाचं, एक बौद्धाचं, एक आपलं. गावानं तिघांनाही एकाच नजरेनं पाहिलं, पण कायदा म्हणतो, बाप्तिस्म्याच्या पाण्यात तिसऱ्याची जात धुऊन गेली. तसं झालं असतं तर मी नाचले असते. आपल्याच मंडळ्यांत रोटीव्यवहार होतो, पण बेटीव्यवहाराची वेळ आली की अजून मूळ विचारलं जातं. जात चर्चच्या दारापर्यंत आली आणि आतही आली.

हा अन्याय आहे. 2007 मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगानं अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडू नये, असं म्हटलं. यावर 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका आहे. 2022 मध्ये सरकारनं याच प्रश्नावर न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. इतकी वर्षं गरीब बाप काय करणार होता? त्यानं पोराच्या शिक्षणासाठी रजिस्टरात जे लिहिलं होतं ते तसंच राहू दिलं. पुष्कळदा तर त्यानं लिहिलंच नव्हतं. नाव घालायला गेलेल्या बापाला न विचारता गुरुजींनीच धर्म आणि जात भरून टाकली होती. त्या बापांना मी दोष देत नाही, तुम्हालाही देत नाही.

पण ताई, अन्यायातून काढलेली वाटही आपल्याकडून काहीतरी वसूल करते. तिचं मोल आपण पैशांत दिलं नाही, पोरांच्या मनात दिलं. आपण त्यांना शिकवलं की येशू आपला प्रभू आहे, आणि हेही शिकवलं की तालुक्याला गेल्यावर त्याचं नाव घ्यायचं नाही. शाळेतले मित्र घरी आले की भिंतीवरचं वचनाचं कॅलेंडर काढून ठेवणारी घरं मी पाहिलीत. लेकरू अशा घरात वाढलं की एकच निष्कर्ष काढतं, हे जे काही आहे ते लाजेचं आहे. मग मोठं झाल्यावर "धर्म घरात ठेवा" म्हणतं, आणि आपण जगाला दोष देतो. घरातच ठेवायला तर आपणच शिकवलेलं असतं.

तेव्हा धाकटीचं असं करू नका. हे मी फक्त विश्वासाच्या बाजूनं बोलत नाही, व्यवहाराच्याही बाजूनं बोलते. 26 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका बाईच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवायचं, ही संविधानाशी प्रतारणा आहे. या निकालानंतर नववीतल्या पोरीला आयुष्यभराची टांगती तलवार देण्यात शहाणपण नाही. उद्या तिला नोकरी लागेल, पडताळणी होईल, कुणीतरी अर्ज करील, आणि तिच्या बाप्तिस्म्याचा फोटो तिच्याविरुद्धचा पुरावा होईल. आपल्या बाप्तिस्म्याची लेकराला भीती वाटावी, याहून वाईट काय वाटायचं?

खरी नोंद केली म्हणजे सगळं हातचं गेलं, असंही नाही. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची नोंद आहे. हे आपल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नसतं, कारण विचारायला गेलं की ओळख उघडी पडते. त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. तुमचं घर चार पिढ्यांचं, आजेसासरे वचन सांगणारे, म्हणजे चर्चच्या जुन्या वह्यांत बाप्तिस्मे, लग्नं, दफनं सापडतील. त्या वह्या वाळवीनं खाण्याआधी पाळकसाहेबांना सांगून बाहेर काढा. सोबत नॉन-क्रीमीलेअरचा दाखला लागेल. आणि जुलै 2024 पासून राज्यात 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागासवर्गीय मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुमचा पगार धरून उत्पन्न त्याच्या वर जातं का, ते बघा. जात असेल तर फी भरावी लागेल. ती भरा, ताई. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरदार, जात, नातीगोती सगळं पणाला लागलं होतं. आपल्याकडं आज फक्त फीचा प्रश्न आहे.

एक घाई मात्र करा. मुलगी शाळेत आहे तोवर जनरल रजिस्टरातली दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं होऊ शकते. दाखला हातात पडल्यावर ते किती जड जातं, हे शिक्षिका म्हणून तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. दहावीचा फॉर्म भरण्याआधी हे व्हायला हवं. आणि कागद करण्याआधी तिला विचारा. चौदा-पंधरा वर्षांची पोरगी लहान नसते. तिच्या नावापुढं काय लिहायचं, याचं कारण तिला तुमच्या तोंडून कळू द्या, तिचा भाऊ सांगेल तेव्हा नको.

थोरल्याच्या दाखल्याचं काय करायचं, ते मी पत्रातून सांगणार नाही. ते त्याच्या नोकरीचं, त्याच्या नावाचं आहे. तो सज्ञान आहे. चांगल्या वकिलाला भेटून त्यालाच ठरवू द्या. तुम्ही परस्पर काही करायला जाऊ नका.

त्याच्याशी तुम्ही करायची गोष्ट वेगळी आहे. त्याची माफी मागा.

मला माहीत आहे, हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. आपल्याकडं आईनं लेकराची माफी मागायची रीत नाही. पण येशूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट आठवा. येशूला धरून नेलं ती रात्र. वाड्याच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत बसलेला असताना दारावरच्या मोलकरणीनं विचारलं, तू त्याच्यातलाच ना? आणि तो नाही म्हणाला. तीनदा. त्याला कुणी सुरा लावला नव्हता, पण थंडी होती, रात्र होती आणि माणसं बघत होती. आपल्या लोकांनी तहसीलच्या खिडकीवर जे केलं ते याहून निराळं नाही. पुढं सरोवराकाठी येशू त्याला भेटतो तेव्हाही योहान मुद्दाम लिहून ठेवतो की कोळशाचा विस्तव पेटलेला होता, त्यावर मासळी होती. त्या विस्तवाशी बसवून आधी खाऊ घातलं, मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का? मेंढरं राखायचं काम ज्याच्या हाती दिलं तो हाच, नाकारणारा. माझ्या मते आपल्या दलित ख्रिस्ती घरांसाठी शास्त्रात यापेक्षा जवळची गोष्ट नाही, आणि आपल्याकडं ती या अंगानं सांगितली जात नाही.

तेव्हा पोरगा आला की त्याला आधी जेवू घाला. मग सांगा, "बाबा, तुझं बरोबर होतं. आम्ही घाबरलो होतो." आजोबांची, पणजोबांची सगळी हकिगत सांगा. 1950 चा आदेश सांगा. त्याला कळू द्या की त्याच्या आईबापानं देवाला हलकं समजून खोटं लिहिलं नाही, भुकेला भिऊन लिहिलं. आणि यानंतर लगेच "आता चर्चला ये" असं म्हणू नका. तसं म्हटलंत तर माफीचा सौदा होईल आणि पोरगं ते ताबडतोब ओळखेल.

मग वाट बघायची. किती? सांगता येत नाही. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं होतं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढं त्या नवऱ्याकडं परत गेल्या त्यासुद्धा आपलं सोवळंओवळं घेऊनच, आणि ते तसं चालू राहिलं. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यांचं त्यांना पटल्यावर. एका छपराखाली दोन श्रद्धा, एक चूल इकडं, एक पाणी तिकडं, आणि तरी संसार. मराठी ख्रिस्ती माणसाला विश्वासाच्या बाबतीत धीर म्हणजे काय ते शिकायचं असेल तर त्या पाच वर्षांकडं बघावं. तुमच्या पोराला तर अजून दोनच वर्षं झालीत.

त्याच्या शंकांना भिऊ नका. पेत्राच्याच पहिल्या पत्रात लिहिलंय की तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. आपल्याकडं उत्तरं पाठ असतात, सौम्यता विसरते. आणि ज्याचं उत्तर नसेल तिथं "मला ठाऊक नाही" म्हणा. खोट्या दाखल्यावर चिडलेल्या माणसाला खरं अज्ञान आवडेल.

आता नारळ.

पाळकसाहेब आणि तुमचे मालक, दोघंही अर्धं बोलतात. शास्त्रात नामानाची गोष्ट आहे, बायबलातल्या 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात. अरामाचा सेनापती, यार्देनेत बुडी मारून कोडातून बरा झालेला. तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, यापुढं मी दुसऱ्या देवाला अर्पण करणार नाही, पण माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा व्हावी. अलीशा त्याला झापत नाही, आणि "खुशाल कर" असंही म्हणत नाही. म्हणतो, शांतीनं जा. नोकरी करणाऱ्या श्रद्धावंताचं अवघडलेपण या उत्तरात जसं ओळखलंय तसं मी प्रवचनात क्वचित ऐकलं. दुसरीकडं दानिएल आहे. त्याला बाबेलच्या राजाच्या ताटातलं अन्न नको होतं. त्यानं ताट उधळलं नाही, अधिकाऱ्याकडं अदबीनं विनंती केली, दहा दिवस डाळी-भाज्यांवर ठेवून बघा म्हणाला.

मी तुमच्या जागी असते तर दानिएलाची वाट धरली असती, कारण तुमच्यावर नामानासारखी सक्ती नाही. मुख्याध्यापिकांना आधीच, झेंडावंदनाच्या दिवशी नव्हे, शांतपणे सांगा, "बाई, मी ख्रिस्ती आहे. ध्वजाची तयारी, रांगोळी, भाषण, मुलांचं संचलन सगळं मी बघते. पूजा आणि नारळ दुसऱ्या कुणाकडं द्या." शंभरातल्या नव्वद मुख्याध्यापिका "बरं" म्हणतील. नाही म्हणाल्या तर संविधानाचा 28 वा अनुच्छेद तुमच्या मदतीला आहे. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणाला त्याच्या संमतीवाचून धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. 1986 मध्ये केरळातल्या तीन लेकरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यांची बाजू घेतली होती. ती राष्ट्रगीताला अदबीनं उभी राहायची, पण श्रद्धेमुळं म्हणत नव्हती, म्हणून शाळेनं काढून टाकलं होतं. पण कायदा पिशवीत ठेवा, आधी बाहेर काढू नका. आणि राष्ट्रगीत मात्र मोठ्यानं म्हणा, 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशीही. ध्वज आपलाच आहे.

शेजारणीनं हळदी-कुंकवाला बोलावलं, सप्ताहाची पंगत असली, तर जा. मूर्तीपुढं ठेवलेल्या अन्नाबद्दल प्रेषित पौलानं करिंथकरांना जे लिहिलं त्यात दुसऱ्याच्या मनाला ठेच लागू नये हीच खरी काळजी आहे. मी तर पंगतीत वाढायला उभी राहते. माझ्याकडं नाताळाच्या करंज्या ज्यांनी आवडीनं खाल्ल्या त्यांच्या पंगतीला मी पाठ कशी फिरवू? खांद्याला खांदा लावून भाकरी थापता येते, आणि "मी पूजा करत नाही हो" असंही त्याच चुलीशी हसून सांगता येतं. खेड्यातल्या बायका हे पुण्या-मुंबईच्या लोकांपेक्षा लवकर समजून घेतात.

राहिली अकरा घरं. तुमच्या जिल्ह्यात आपली मंडळी कुठून आली, हे पोरांना सांगितलंत का? नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाला. त्याच्या धाकट्या भावावरून, श्रीपतीवरून, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि मुलगा घरी परत गेला. पुढं हेच रेव्हरंड शेषाद्री जालन्याला आले, ज्यांची सावली त्यांच्या घराण्यात चालत नव्हती त्या मांग-महारांत राहिले आणि निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. त्यांनी सुरुवातीला किती घरं मोजली असतील? अकरासुद्धा नसतील. मला आकडा भेडसावत नाही. मला भेडसावतं ते चर्चचं दार, जे रविवारी दोन तास उघडतं आणि सहा दिवस कुलपात असतं.

तुमच्या गावात दहावी-बारावीची, पोलीसभरतीची पोरं कुठं अभ्यासाला बसतात? उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा म्हाताऱ्या माणसांचं पाणी कोण आणतं? संध्याकाळी चर्च उघडून दोन ट्यूबलाइट आणि दहा सतरंज्या टाकल्या तर कोणत्याही जातीधर्माची वीस पोरं अभ्यासाला येतील. त्यांना पत्रकं वाटू नका. भिंतीवर वचन आहे, ते वाचतील किंवा नाही वाचणार. यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलमध्ये धरून नेलेल्या लोकांना लिहिलं होतं की घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याचं भलं बघा, त्यासाठी प्रार्थना करा. ते नगर त्यांच्या देवाला मानत नव्हतं, तरी असं लिहिलं. आणि जालना हे तर आपलं नगर आहे, आपण तिथं धरून नेलेले नाही.

भक्तीबद्दलही एक. टिळक म्हणायचे की ते तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आले. म्हणून त्यांनी आपल्याला अभंग दिले, कीर्तन दिलं. आज आपल्या कित्येक मंडळ्यांत कीबोर्डवर परक्या चालींची गाणी आहेत आणि टाळ-मृदंग माळ्यावर पडलाय. नाथांचं पैठण, जनाबाईचं गंगाखेड, नामदेवांची नरसी, हा सगळा आपलाच मुलूख. इथल्या माणसाला देवाशी तू-तुकारात भांडायची सवय आहे. तुमचं पोरगं तसंच भांडतंय. त्याला मंडळीत भांडायला जागा असली तर तो कदाचित बसेल. महिन्यातून एकदा भक्तीनंतर तरुणांना प्रश्न विचारू द्या, पाळकसाहेबांनी फक्त ऐकायचं, असं सुचवून बघा. ते लगेच मानणार नाहीत, चिकाटी लागेल.

आधी चर्चची जुनी वही शोधा. आजेसासऱ्यांचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं असेल कदाचित. त्या पानाची झेरॉक्स दोन प्रती काढा, एक धाकटीच्या अर्जाला आणि एक पुण्याला पाठवायला. पोरानं ती बघून फोन केला तर मला कळवा, नाही केला तरी कळवा.

तुमची,
बाई